येळवसेची भज्जी आणि शाळेची खिचडी



तुम्ही बोलावलंत, म्हणून आम्ही आलो. आम्ही म्हणजे तुळजापूर तालुक्यातल्या एका लहान गावच्या अकरा बाया. आमच्यातल्या सहा जणी मोठेपणी अक्षरे शिकल्या. पाच जणी लहानपणी चार-दोन इयत्ता शिकून विसरल्या होत्या, त्या पुन्हा शिकल्या. भाषण करायची आम्हाला सवय नाही. तेव्हा जे घडले तेच सांगतो. मध्येच कुणाला काही विचारायचे असेल तर खुशाल विचारा.

गोष्ट येळवसेपासून सुरू होते.

येळवस म्हणजे काय, हे धाराशिवच्या आणि लातूरच्या माणसाला सांगायला नको. पण आमचे हे बोलणे छापणार आहेत म्हणे. दुसऱ्या जिल्ह्यातली माणसेही ते वाचतील. म्हणून दोन शब्द सांगतो. मार्गशीर्ष महिन्याच्या अमावस्येला आमच्याकडे गावात चिटपाखरू राहत नाही. सारे गाव रानात जाते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात. आत पाच पांडव मांडून पूजा करतात. मग हाका मारमारून माणसे जेवायला बसवतात. ओळख असो, नसो. ज्याला स्वतःचे रान नाही, त्यालाही त्या दिवशी कुणाच्या तरी रानात ताट असते. जेवणात बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबील, तिळाची पोळी. आणि मुख्य म्हणजे भज्जी. ही भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी नव्हे बरं का! रानात त्या वेळी जे जे हिरवे असेल, ते सारे एका पातेल्यात घालतात. चिंचेचे पाणी आणि बेसन लावून शिजवतात. ज्याने खाल्ली त्यालाच तिची चव माहीत.

तर २०२२ सालची येळवस. आमच्या शाळेचे गुरुजी त्या दिवशी आमच्या रानात जेवायला होते. जेवता जेवता त्यांनी मुलांना विचारले, "पोरांनो, या भज्जीत काय काय आहे?"

मुले म्हणाली, "मेथी. वांगं. हरभरा. शेंगदाणे." आणखी एकाने गाजर सांगितले. मग गप्प.

आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाई तिथेच बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. त्या बोटे मोडू लागल्या. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वालाचे दाणे, वाटाणा, भुईमूग, वांगे, गाजर, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला, अंबाडी, हिरवी मिरची, ओला लसूण, बोरे, चिंच. सतरा जिन्नस झाले. गुरुजींनी ते खिशातल्या कागदावर लिहून घेतले. मग त्यांनी आम्हालाच विचारले, "यातले तुमच्या रानात काय काय पिकते?"

आम्ही मोजले. सतरांपैकी सहा. बाकीचे अकरा जिन्नस आम्ही तुळजापूरच्या बाजारातून आणले होते! रानात बसून, रानाची पूजा करून, बाजारची भाजी खात होतो. आजी म्हणाल्या, "अगं, मग घरीच जेवायचं हुतं की. रानात कशाला आलाव?"

त्या थट्टेने बोलल्या. पण आम्हाला ते लागले.

आता असे का झाले, ते सांगतो. आमच्या शिवारात दसऱ्याआधी जिकडे पाहाल तिकडे सोयाबीन असते. सोयाबीनला आम्ही शिव्या देत नाही. त्याच पैशावर आमच्या पोरांच्या फिया भरल्या, घरावर पत्रे चढले. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती येते आणि रोख पैसा मिळतो. पण एक गोष्ट खरी. सोयाबीन आमच्या ताटात येत नाही. ते पोत्यात जाते, पोते बाजारात जाते. आणि त्या पैशाने आपण किराणा आणतो. पूर्वी त्याच रानात तुरीच्या ओळीत अंबाडी असे, बांधावर कारळे, ज्वारीत मधूनच वालाचा वेल. ज्वारीच्या एका रानातून भाकरी, भाजी, कालवण आणि गुरांना कडबा निघत असे. एकेक जिन्नस कधी गेला, कुणाच्या ध्यानातही आले नाही.

अर्थात पूर्वी सगळे छान होते, असेही नाही. तसे कुणी म्हणाले तर आजीच त्याला गप्प करतात. १९७२ सालच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. लेकरांना सुकडी मिळे. परदेशची तांबडी मिलो ज्वारी दळून भाकरी करीत, ती घशाखाली उतरत नसे. तेव्हा जुने ते सोने, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्यातले काय ठेवायला हवे होते, एवढेच विचारतो.

पुढच्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली. शाळेत आरोग्य खात्याची माणसे आली. त्यांनी मुलांच्या बोटाला टोचून रक्त तपासले. रक्तात लोह असलेला एक लाल पदार्थ असतो. त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासातला प्राणवायू तोच अंगभर पोचवतो. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात त्याचे माप साडेअकराच्या वर हवे. मोठ्या बाईत बाराच्या वर हवे. आमच्या एका मैत्रिणीच्या चौथीतल्या मुलीचे माप आठ भरले.

ती मुलगी वर्गात पेंगते, म्हणून तिला घरी बोलणी बसत. "रातच्याला टीव्ही बघती, सकाळी झोपा काढती," असे तिची आईच म्हणे. त्या दिवशी आईने कपाळाला हात लावला. मुलगी आळशी नव्हती. तिच्या अंगात रक्तच नव्हते. मग आम्हीही बोटे पुढे केली. अकरा जणींपैकी सात जणींचे माप बाराच्या खाली!

हे एकट्या आमच्या गावाचे दुखणे नाही. २०१९ ते २०२१ या काळात साऱ्या देशाची आरोग्य पाहणी झाली. तीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायांत ५७ जणींना रक्त कमी निघाले. पाच वर्षांच्या आतल्या शंभर लेकरांत ६७ जणांना. निम्म्यापेक्षा जास्त! आपल्या दारात सगळ्यांनाच थकवा असतो. म्हणून थकवा हा आजार वाटतच नाही.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. गोळ्या घ्यायच्याच. त्यात हयगय नको. कधी पोटात जंत असले तरी रक्त कमी होते, त्याचीही गोळी शाळेत मिळते. पण बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आम्ही गाठीला बांधल्या. पालेभाजी, बाजरी, डाळ यांतले लोह अंगी लागावे, तर जेवताना लिंबू पिळावे, आवळा किंवा पेरू खावा. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये. चहा लोह अंगाला लागू देत नाही. इथे आमच्यातल्या बऱ्याच जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. सकाळी चहात भाकरी बुडवून खायची आणि रानात जायचे, हीच आमची रीत!

आता शाळेच्या खिचडीकडे येऊ.

शाळेत दुपारी जेवण मिळते, ते तुम्हाला माहीत आहे. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात ही योजना सुरू झाली. आधी पुष्कळ ठिकाणी महिन्याला तीन किलो धान्य घरी नेत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की कोरडे धान्य नको, शिजवलेले अन्न द्या. तेव्हापासून शाळेत चूल आली. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज किती द्यायचे, हेही ठरलेले आहे. धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीच्या मुलाला याच्या दीडपट.

आम्ही अक्षरे शिकलो तेव्हा आकडेही शिकलो होतो. म्हटले, चला, हिशेब करू. आमच्या शाळेत ६० मुले. प्रत्येकाला ५० ग्रॅम भाजी. साठ गुणिले पन्नास, म्हणजे तीन हजार ग्रॅम. म्हणजे तीन किलो. रोज तीन किलो ताजी भाजी! आठवड्याचे सहा दिवस धरले तर अठरा किलो.

आम्ही शाळेतल्या स्वयंपाकीण ताईंना विचारले, "रोज तीन किलो भाजी पडते का?" ताई म्हणाल्या, "मी कुठून घालू? बाजार आठवड्याचा. बटाटा, कांदा आणि हळद, हेच रोज. पालेभाजी दुसऱ्या दिवशी टिकत नाही. पैसे मागून येतात, उधारी मी माझ्या नावावर करते." ताईंची चूक नव्हती. गावाच्या चारी बाजूंना रान असून गावात भाजी नव्हती, ही आमचीच चूक.

मग ठरले. शाळेला भाजी द्यायची ती आपल्या रानातून द्यायची.

हे बोलायला सोपे. भाजी लावायची कुठे? सातबारा पुरुषांच्या नावावर. रान काय पेरायचे, ते त्यांनी ठरवायचे. इथे आम्हाला एका जुन्या कामाचा आधार मिळाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यातही लोहारा आणि उमरगा तालुक्यांत गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे मेली. त्या वेळी घरे पुन्हा बांधण्याच्या कामात बायांना घेऊन 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. प्रेमा गोपालन यांनी ती वाढवली. त्या २०२२ साली वारल्या. घरे झाली, मग दुष्काळ आले. तेव्हा या संस्थेने बायांना एक गोष्ट शिकवली: घरच्या पुरुषांकडून अर्धा एकर ते एक एकर रान मागून घ्या. त्यात काय पेरायचे ते तुम्ही ठरवा. आधी घरात खायचे पेरा, उरले तर विका. शेणखत घाला, बी घरचे ठेवा. आपल्या जिल्ह्यात आणि लातुरात हजारो बायांनी असे केले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. आमचा गट त्या संस्थेचा नव्हे. पण अर्धा एकर मागायची युक्ती आम्ही तिथूनच उचलली.

आमच्यातल्या एकीने सासऱ्यांकडे अर्धा एकर मागितला. सासरे म्हणाले, "अर्धा एकर म्हंजी चार क्विंटल सोयाबीन. तू मला चार क्विंटलची मेथी देणार हैस का?"

ती म्हणाली, "मामा, नातीचं रक्त आठ हाय."

सासरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीकडच्या बाजूचा अर्धा एकर मोजून दिला. वर म्हणाले, "एकच वरीस. दुसऱ्या वर्षी हिशेब दाव."

अशा पाच जणींना रान मिळाले. सहा जणींना मिळाले नाही. त्यांनी परसात जागा केली. शाळेच्या आवारातही दीड गुंठा परसबाग धरली. २०१९ पासून शाळांनी परसबागा कराव्यात असे सरकारचे सांगणे आहेच. मुले हात धुतात ते पाणी चारीने वाफ्यात सोडले.

पहिल्याच वर्षी, म्हणजे २०२३ साली, पाऊस रुसला. ऑगस्ट कोरडा गेला. शाळेची परसबाग वाळून गेली. मुलांनी घरून तांबे भरभरून आणले, तरी गेली. पाच रानांपैकी तीन रानांत काही उरले नाही. सासऱ्यांचा हिशेब खरा ठरला, असे सारे गाव म्हणू लागले. पण त्या साली सोयाबीनही करपले होते, हे कुणी म्हणत नव्हते! विहिरीच्या दोन रानांत शेवगा, अंबाडी, गवार आणि चवळी मात्र तगली. दिवाळीनंतर आठवड्याला सात-आठ किलो भाजी शाळेत जाऊ लागली. अठरा किलो हवी होती. पण काहीच नसण्यापेक्षा सात किलो बरी.

आता मुलांचे सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

दर गुरुवारी दुपारनंतर गुरुजी चौथी-पाचवीची मुले घेऊन रानात येऊ लागले. आम्हाला वाटले, शेतकऱ्याची पोरे ही, यांना रान काय दाखवायचे? पण त्यांना सोयाबीनच्या चार जाती ओळखता येत आणि कारळ्याचे फूल ओळखता येत नव्हते. जवस म्हणजे काय, विचारले तर एकाने सांगितले, "औषध." राळ्याचे नाव कुणी ऐकले नव्हते. तेव्हा गुरुजींनी घरचा अभ्यास दिला: आपल्या आजीला विचारा, घरात जुने बी आहे का. पुढच्या गुरुवारी मुलांनी काडेपेट्यांतून, चिंधीच्या पुरचुंडीतून बी आणले. एका आजीने राखेत ठेवलेले वालाचे बी दिले. एकीने कोंड्यात ठेवलेले भोपळ्याचे दिले. मुलांनी पुड्या केल्या. पुडीवर बियांचे नाव, आजीचे नाव, तारीख. आजीचे नाव शाळेत आले, म्हणून आज्याही शाळेत येऊ लागल्या. एक आजी तर रोजच येऊ लागली. तिला आवरणे गुरुजींना जड गेले!

मुले वाफे मोजतात, तोच भूमितीचा पाठ. भाजीचे वजन करून वहीत लिहितात, ते गणित. तराजू आमच्याच घरचा. पावशेर, अर्धा शेर हे शब्द आजी बोलते, ग्रॅम गुरुजी बोलतात. मुले दोन्हींचा मेळ घालतात. आणि एक खरे सांगतो. जी मुले घरी अंबाडीची भाजी बघून तोंड फिरवत, त्यांनी स्वतः खुडलेली अंबाडी शाळेत दोनदा मागून खाल्ली.

ही नवी गोष्ट आहे असे समजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांची मुले कमवीत आणि शिकत. १९३७ साली महात्मा गांधींनी वर्ध्याला परिषद बोलावून नई तालीमचा विचार मांडला. सेवाग्रामच्या शाळेत मुले शेतात राबत, स्वयंपाकघर सांभाळत आणि त्यातूनच शिकत. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथेही शेती, गुरे, आहार हे सारे हाताने करून शिकवले. परदेशातही हे चालते. जपान देशाने २००५ साली अन्नशिक्षणाचा कायदाच केला. तिथल्या शाळेत मुलेच पांढरा अंगरखा घालून एकमेकांना वाढतात. ब्राझील देशाने २००९ साली कायदा केला, की शाळेच्या जेवणासाठी सरकार जे पैसे देते, त्यातल्या शंभर रुपयांमागे निदान तीस रुपये लहान शेतकऱ्यांच्या मालावर खर्चावेत. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "मग आपण फुकट का देतो?"

पहिली सहा महिने आम्ही भाजी फुकट देत होतो. पुण्य लागते, असे लोक म्हणत. पण पुण्यावर खुरपणीची मजुरी भागत नाही. आम्ही शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे गेलो. बाजारात जो भाव, त्याच्या दोन रुपये खाली द्यायचे ठरले. पैसे उशिरा येतात, अजूनही येतात. पण वहीत लिहिलेले असतात. आमचे मत विचाराल तर फुकट देऊ नका. फुकटची भाजी पहिल्या दुष्काळात बंद पडते, कारण ती बंद केली तर कुणाला जाब द्यावा लागत नाही.

आता जे सांगायचे, ते आम्हाला जड जाते.

२०२४ चा डिसेंबर. येळवस आठ दिवसांवर आली होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. विहिरीकडचे रान हिरवेगार होते. सकाळी चौदा किलो मेथी आणि पालक खुडून शाळेत न्यायचा होता. आम्ही रानात गेलो तर उग्र वास. शेजारच्या रानात हरभऱ्यावर घाटे अळीसाठी फवारणी चालली होती. वारा आमच्या बाजूचा. पानांवर बारीक थेंब दिसत होते. आणि दहा वाजता मुले रानात यायची होती.

एक जण धावत शाळेत गेली आणि मुलांना थांबवले. बाकीच्यांत वाद लागला. एक म्हणाली, "दोन पाण्यानं धुऊ. काय हुत न्हाई. आपण बाजारातून आणतो, ती काय बिनफवाऱ्याची असती?" तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. चौदा किलो भाजी होती. एक महिन्याची मेहनत होती. आणि गावात तोंड दाखवायचे होते.

शेजाऱ्यांच्या बांधावर रिकामी बाटली पडली होती. आमच्यातली सगळ्यात उशिरा अक्षरे शिकलेली जी आहे, तिने ती फडक्याने धरून उचलली. बाटलीवर चौकट असते. तिच्यात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. त्या बाटलीवर पिवळा होता. बाटलीबरोबर एक घडीचा कागद मिळतो. तो कचऱ्यात पडला होता. त्यावर बऱ्याच भाषांत लिहिलेले असते. त्यात मराठी शोधायला तिला वेळ लागला. अक्षरे मुंगीएवढी. बोट ठेवून ठेवून तिने वाचले: फवारणीनंतर अमुक दिवस पीक काढू नये. काही औषधांना हे दिवस तीन असतात, काहींना पंधरा-वीस. या कागदावर पंधरा होते. तेही हरभऱ्यासाठी. मेथी-पालकाचे तर नावच नव्हते. म्हणजे ते औषध पालेभाजीवर मारायचेच नव्हते.

तिने कागद खाली ठेवला आणि म्हणाली, "ही भाजी लेकरांना जाणार न्हाई."

चौदा किलो भाजी खड्ड्यात पुरली. गुरांनाही घातली नाही. उभे वाफेही पुढे उपटून टाकले. त्या दिवशी शाळेत पुन्हा बटाट्याची खिचडी झाली.

शेजारी चिडले. "माझ्या रानात मी काय बी फवारीन. अळीनं हरभरा खाल्ला तर तुमी भरून देणार का?" त्यांचेही चुकत नव्हते. हरभऱ्यावर त्यांचे कर्ज होते. त्यांना दुकानात सांगितले होते, पंपाला दोन टोपणे टाका. कागदावर माप मिलिलिटरमध्ये दिले होते. दोन टोपणे म्हणजे त्याच्या दुप्पट भरत होते! त्यांना वाचता येत नाही. फवारताना तोंडाला रुमालही नव्हता. रात्री त्यांना मळमळ, डोके जड. त्यांच्या बायकोने सांगितले, की हे दर वर्षीच होते.

चार दिवसांनी गुरुजी आणि आमच्यातल्या दोघी त्यांच्या घरी गेलो. भांडायला नाही. कागद वाचून दाखवायला. सगळा कागद वाचला. त्यांनी ऐकून घेतला. मग तीन गोष्टी ठरल्या. फवारायच्या आदल्या दिवशी सांगायचे. वारा आमच्या बाजूचा असेल तर थांबायचे. आणि आमच्या बांधाला आम्ही मक्याच्या चार दाट ओळी लावायच्या, म्हणजे उडालेले औषध त्यांवर अडेल. त्याने सगळेच औषध अडत नाही. म्हणून भाजी त्या बांधापासून आणखी दहा पावले आत नेली. तेवढे रान कमी झाले. नुकसान कुणी भरून दिले नाही. ते शेजारी गुरुजींशी बोलतात. जिने बाटली उचलली, तिच्याशी अजून बोलत नाहीत.

त्या येळवसेला भज्जीत सतरांपैकी तेरा जिन्नस आमच्या शिवारातले होते. मेथी आणि पालक मात्र बाजारचे.

चौथीतल्या त्या मुलीचे माप पुढच्या तपासणीत साडेदहा भरले. गोळ्यांनी वाढले की भाजीने, ते आम्हाला सांगता येणार नाही. दोन्हींनी वाढले असेल. ती आता सहावीला आहे, आणि सहावीची शाळा शेजारच्या गावात आहे. तिथे परसबाग नाही.

आणखी एक दुखणे आहे. त्याला आमच्याकडे औषध नाही. दसरा झाला की आमच्या शाळेतली आठ-नऊ मुले ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात. पेरायला ती असतात, काढायला नसतात. येळवसेला ती कुठल्या तरी फडावर असतात. एका मुलाने जाताना गुरुजींना विचारले, "सर, माझ्या वाफ्याचं कोण खाणार?" गुरुजींना उत्तर सुचले नाही. आम्ही एवढेच केले, की त्या मुलांना शेवग्याचे रोप लावायला देतो. शेवगा बहुवर्षी. पाला बारमाही. मुले उन्हाळ्यात परत येतात तेव्हा तो उभा असतो. त्याचा पाला वाळवून पूड करून आम्ही पुड्या देतो. फडावर डाळीत टाकता येते. दोन कुटुंबे टाकतात, असे कळले. बाकीच्यांचे ठाऊक नाही.

यंदा सासऱ्यांनी हिशेब मागितला होता. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साली क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात माल त्याच्या खालीच गेला. सूनबाईंनी वही पुढे ठेवली. शाळेला किती किलो, घरात किती, बाजारातून काय आणले नाही, सारे तारखेवार. सासऱ्यांना वाचता येत नाही. नातीने वाचून दाखवले. ऐकून म्हणाले, "अजून सोयाबीन पुढं हाय." आणि खरेच, थोडे पुढे होते. मग म्हणाले, "राहू दे अर्धा एकर." का राहू दे, ते त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

तुमच्या गावात हे करायचे असेल तर आधी तुमच्या शाळेतली मुले मोजा, पन्नासने गुणा. मग या मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे या. गावातल्या एका तरी म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा. घरात जुने बी असेल तर पुडीत बांधा, वर नाव लिहा. बसथांब्यापासून रान दीड कोस आहे. वाटेत ओढा लागतो. पाऊस बरा झाला असेल तर त्या दिवसांत त्याला घोट्याएवढे पाणी असते. चपला हातात घ्याव्या लागतील.